जागा एक, अर्ज तीन

पदवी : समाजकार्य किंवा मानसशास्त्र.
अनुभव : किमान दोन वर्षं.
वाहन परवाना, स्वतःची गाडी.
इथपर्यंत तुझा अर्ज चोख आहे, कोरिन.
आता तो कागद पालथा ठेव
आणि सांग, गाडी कशी आहे?
इथे हिबिंगला जानेवारीत पारा उणे तीसला टेकतो,
तेव्हा पहिल्या किल्लीला उठते का?
डिकीत फावडं आहे? वाळूची पिशवी?
कुणाच्याही पायाला होतील असे जास्तीचे मोजे?

हसू नकोस, मी मोजेच म्हणाले.
मोज्यांवाचून एक माणूस
बसथांब्यापर्यंत जायचा बंद झाला,
आणि आम्ही तीन महिने त्याच्या फाइलीत
लिहीत राहिलो : सहकार्य नाही.

कुणाच्या घरी गेलीस की आधी खुर्ची बघ.
माणूस आणि दार यांच्या मध्ये बसू नये.
तुझ्यासाठी नाही सांगत, त्याच्यासाठी.
ज्याला बाहेरची वाट दिसते
तो बराच वेळ आत बसतो.

विमा कंपनी तुला पिपाणी ऐकवेल,
सत्तेचाळीस मिनिटं, तीच ती.
अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला जी मुलगी बोलेल
तिच्यावर ओरडायचं नाही.
तीही तासावर आहे.
तिचं नाव मात्र लिहून घ्यायचं, स्पेलिंगसकट.

आणि आर्वो निएमी. त्याची फाइल तुझ्याकडे येईल.
खाणीत एकतीस वर्षं, मग दोनदा इस्पितळ.
बोलणं एकच : ठीक.
ते तुला जोखायला शिकावं लागेल;
त्याच्या एका ठीकमध्ये मासे असतात,
एकात नुसता बर्फ.
टेबलावर सात खणांची गोळ्यांची डबी.
दर खेपेला मंगळवारचा खण भरलेला,
बाकीचे रिकामे.
मी विचारलं. ठीक.
डॉक्टरांनी विचारलं. ठीक.
मी नोंद केली, ठळक अक्षरात : औषध टाळतो.
मग मार्चमध्ये कधीतरी, कॉफी ओतताना,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
मंगळवारी तू येतेस.
ती गोळी घेतली की जीभ जड होते.

म्हणजे तो माझ्याशी बोलता यावं म्हणून
आठवड्यातून एक दिवस
आजाराच्या तोंडाशी उभा राहायचा,
आणि बोलायचा काय, तर ठीक.

गोळी आता रात्रीची केलीय. ती नोंद मी खोडली नाही,
खोडायची परवानगी नसते;
खाली दुसरी लिहिली.

तुझ्या अर्जात शेवटी एक ओळ आहे :
ताण सहन करण्याची क्षमता.
तू लिहिलंयस, उत्तम.
एकदा शुक्रवारी, पाचला दहा कमी असताना,
फोन वाजला. माझा एक हात कोटात होता.
नाव दिसत होतं : डीना.
दिवसातून सहा वेळा करायची ती, कधी वाराचं नाव विचारायला.
मी दुसरा हातही कोटात घातला.
सोमवारी निवाऱ्यात तिच्या पलंगावर
दुसरीच बाई झोपलेली होती.
डुलुथच्या बसमध्ये पाहिली म्हणाले कुणी.
नऊ वर्षं झाली. त्या ओळीपुढे
मी काय लिहावं, तूच सांग.

नको, सांगू नकोस.
पगार का विचारला नाहीस?
विचारावा. कमी आहे, पण विचारावा.
स्वतःसाठी जिला तोंड उघडता येत नाही
ती दुसऱ्याचं भाडं कुठून भांडून आणणार?

बाकीचे दोन अर्जही बरे आहेत.
शुक्रवारपर्यंत कळवते.
टोपी घाल, कान झाक.
मी खिडकीतून बघते गाडी सुरू होते का.
नाही झाली
तर उगाच किल्ली पिरगाळत बसू नकोस,
वर ये. केबल आहे माझ्याकडे.

येशील ना मागायला?